जित्राब आणि नाव

कृष्णाकाठच्या माणसाला नदी ओलांडणं हा प्रवास वाटतच नसे. कुणाचं रान पलीकडं, कुणाच्या लेकी पलीकडं दिलेल्या, बैलांचा बाजार पलीकडं. उन्हाळ्यात पाणी कमी झालं की उतारातून बैलगाडी जायची. मिरग निघाला की उतार बंद आणि नाव सुरू. सांगलीचा आयर्विन पूल 1929 साली झाला खरा, पण तो शहराला. आमच्यासारख्या गावांना पूल बघायला पुढं कैक वर्षं लागली. तोवर माणूस, धान्य, बी-बियाणं, नवरानवरी आणि जित्राब, सगळं नावेतनंच.

इंग्रज सरकारनं मुंबई इलाख्यात 1868 साली नावा आणि नदीवरच्या उतारांसाठी कायदा केला. मोठ्या घाटांवर भाड्याचे मक्ते दिले जाऊ लागले. लहान गावातला व्यवहार मात्र जुनाच राहिला. अंबी, कोळी, भोई ही मंडळी नाव चालवायची आणि सुगीला खळ्यावरनं आपला वाटा न्यायची. आमच्या घाटावर सत्तरच्या दशकातही हेच चालू होतं. गावच्या माणसाला रोजचं भाडं नव्हतं. परगावच्यानं पैसे द्यायचे. जनावराचा हिशेब निराळा. शेळीचं कमी, वासराचं जरा जास्त. कोंबड्या डालग्यात असतील तर फुकट. कुत्र्याचं कुणी विचारतच नसे, कारण कुत्रं नावेत घ्यायची पद्धतच नव्हती. मालक पाण्यात गेला की ते काठावर चार वेळा भुंकायचं आणि मग उडी टाकून नावेमागं पोहत यायचं. पलीकडं जाऊन अंग झाडलं की सगळ्यांची कापडं ओली!

मोठं जनावर नावेत चढवायचं नाही, हा पक्का नियम होता. बैल बुजला आणि एका अंगाला सरकला की नाव कलंडलीच म्हणून समजा. म्हणून बैल पोहत न्यायचे. नाव आधी काठाकाठानं बरीच वर न्यायची, कारण धार तिला खाली ओढणार. मग तिरकी सोडायची. मागच्या बाजूला बसलेला माणूस कासरा हातात धरून बैलाचं तोंड पाण्याच्या वर ठेवायचा. आमचे नावाडीमामा दर खेपेला बजावायचे, "कासरा हातात धरायचा, नावंला बांधायचा न्हाई. बैल दमला तर सोडता आला पायजे. न्हाईतर त्यो बी जाईल आन् आपुन बी."

म्हशीचं काम सोपं. तिला पाण्याचं भ्या नाही, उलट ती बाहेर निघायला राजी नसते. गाय मात्र अडून बसायची. तिच्यासाठी वेगळी युक्ती होती. वासरू आधी नावेत ठेवायचं. नाव सुटली, वासरू हंबरलं, की गाय आपणहून पाण्यात. घरातल्या मांजराला पोत्यात घालून तोंड सैल बांधायचं आणि पोतं बाईमाणसाच्या मांडीवर द्यायचं. नव्या घरी जाताना मांजर नेलेलं मी पाहिलंय. सगळ्या वाटेनं त्या पोत्यातनं शिव्याशाप चालले होते.

या सगळ्याला आज आपण गंमत म्हणू, पण ती विद्या होती. कोणतं जनावर कधी, कुठून, कुणाच्या हातानं पार करायचं हे गावाला ठाऊक होतं. पुराच्या दिवसात हीच विद्या कामाला यायची. पाणी मळीला लागलं की आबा नदीवर जायचे, काठावर एक काटकी रोवायचे आणि दोन तासांनी परत बघायचे. काटकी बुडाली की आधी जित्राब माळावर, मग धान्य, मग माणसं. फारच घाई झाली तर गुळाच्या गुऱ्हाळातली काहील पाण्यात उतरवायची. मोठी लोखंडी काहील पाण्यावर झकास तरंगते. तिच्यात शेरडं-करडं आणि म्हातारीकोतारी बसायची आणि चार पोहणारे कडेला धरून ढकलत न्यायचे.

पूल झाले आणि नावा गेल्या. त्याचं वाईट वाटण्याचं कारण नाही. पावसाळ्यात अडलेल्या बाळंतिणीला पलीकडं नेताना काय हाल व्हायचे ते ज्यांनी बघितलंय, ते पुलाला नमस्कारच करतील. नावाड्याची पोरं दुसऱ्या धंद्याला लागली. गुऱ्हाळं कमी झाली, साखर कारखाने वाढले, काहिली भंगारात गेल्या. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला. गोठ्यात मात्र जित्राब राहिलं. दुधाच्या संघामुळं म्हशी आणि संकरित गाई वाढल्याच.

मग 2005 चा पूर आला. सांगलीत आयर्विन पुलाशी 45 फुटांना धोक्याची पातळी धरतात. तेव्हा पाणी 53 फुटांच्या पुढं गेलं. ऑगस्ट 2019 मध्ये तर 57 फुटांच्याही वर. गावोगाव बचावाच्या बोटी आल्या, आणि तिथं एक जुनाच प्रश्न नव्यानं उभा राहिला. बोटीत जागा माणसांना. जित्राबाचं काय?

आमच्या आळीत एक म्हातारी दोन म्हशींसह स्लॅबवर चढून बसली होती. बोटीतला जवान हात पुढं करून म्हणत होता, "चला आजी." ती म्हणाली, "ह्यास्नी नेत असशील तर येती." तो काय करणार? त्याच पुरात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला गर्दीनं भरलेली नाव उलटून माणसं गेली. जास्तीचं ओझं काय करतं हे साऱ्या जिल्ह्यानं बघितलं. जवानाचं बरोबर होतं. पण म्हातारीचंही चुकीचं नव्हतं. त्या दोन म्हशींच्या दुधावर तिचं घर चालत होतं, आणि दाव्याला बांधलेलं जनावर बुडताना बघून आलेला माणूस पुढं नीट झोपत नाही. शेवटी दावी सोडली, चार पोरं गळ्यात ट्यूब अडकवून म्हशींबरोबर पोहत निघाली. त्यातल्या एकाचा आजा नावेवर वल्हं मारायचा. त्यानं कासरा हातात धरला होता, कमरेला बांधला नव्हता. हे त्याला कुणी कधी शिकवलं होतं, देव जाणे.

शहरातली माणसं विचारतात, जनावरांसाठी जिवावर का उदार होता? त्यांच्या घरी कुत्रं-मांजर असेल तर उत्तर त्यांनाही ठाऊक आहे. आमच्याकडं त्यात पोटाचा प्रश्न मिसळलेला असतो, एवढाच फरक. जित्राब मागं राहिलं तर माणूस जागचा हलत नाही, म्हणून त्याची सोय ही माणसाच्याच सुटकेची सोय असते. जुन्या लोकांचा क्रम यासाठीच होता: आधी जित्राब.

2021 च्या जुलैत पाणी चढायला लागलं तेव्हा आमच्या गावानं बोटीची वाट बघितली नाही. रस्ता उघडा होता तोवरच टेम्पो, ट्रॉल्या लावून जनावरं माळावर नेली. वैरण, पाणी, दावणीचे खुंटे, सगळं तिथं आदल्या दिवशी टाकलं होतं. रात्री गल्लीत पाणी शिरलं तेव्हा गोठे रिकामे होते आणि बोटीत बसताना कुणी मागं वळून बघत नव्हतं.