दर दहा लाख वर्षांत दोन टक्के

सस्तन प्राण्यांच्या पेशीत डीएनए दोन ठिकाणी असतो. बहुतेक सगळा केंद्रकात, आणि अगदी थोडा तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात. हा दुसरा साठा 1963 साली मार्गिट आणि सिल्व्हन नास यांनी स्टॉकहोममध्ये कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना ओळखला. माणसात त्याची लांबी 16,569 बेसजोड्या आणि त्यावर जनुके 37. तो फक्त आईकडून येतो आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याची सरमिसळ होत नाही, त्यामुळे त्यातला प्रत्येक बदल मातृवंशाच्या एकाच रेषेत साठत जातो. तो किती वेगाने साठतो, या प्रश्नाची उत्तरे गेल्या पन्नासेक वर्षांत अनेकदा बदलली.

रेणूंमधले बदल मोजून काळ ठरवता येईल ही कल्पना त्याआधीची. झुकरकांडल आणि पॉलिंग यांनी 1962 मध्ये हिमोग्लोबिनच्या आधारे ती मांडली होती. तंतुकणिकेच्या डीएनएला ती लागू झाली 1979 साली, बर्कलीच्या अ‍ॅलन विल्सन यांच्या प्रयोगशाळेत. वेस्ली ब्राउन, मॅथ्यू जॉर्ज आणि विल्सन यांनी माणूस आणि काही माकडांच्या या डीएनएचे निर्बंधक विकरांनी तुकडे केले आणि कापल्या गेलेल्या जागांच्या नकाशांची तुलना केली. अक्षरे वाचण्याची सोय तेव्हा नुकतीच होत होती. तरी निष्कर्ष स्पष्ट निघाला. हा डीएनए केंद्रकातल्या डीएनएच्या पाच ते दहापट वेगाने बदलतो आणि दोन वंशांमध्ये दर दहा लाख वर्षांत सुमारे दोन टक्के फरक पडतो. वेगाचे कारण काय, याबद्दल प्राणवायूच्या ज्वलनातून निघणाऱ्या उपद्रवी रेणूंकडे बोट दाखवले गेले. आज डीएनएची नक्कल होताना होणाऱ्या चुका हेच मोठे कारण मानले जाते.

मूळ निबंधातच एक अट होती, पुढे बरेचजण ती विसरले. हा वेग सुरुवातीच्या काही दशलक्ष वर्षांपुरताच खरा. एकाच जागी पुन्हापुन्हा बदल झाले की जुना बदल पुसला जातो आणि फरक वाढेनासा होतो. 1982 मध्ये माणूस, चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान आणि गिबन यांच्या 896 बेसजोड्या वाचल्यावर कारण आणखी उघड झाले. जवळच्या जातींमधले नव्वद टक्क्यांहून अधिक बदल एकाच प्रकारचे होते. प्युरिन गटातल्या बेसच्या जागी दुसरे प्युरिन, पिरिमिडिन गटातल्या बेसच्या जागी दुसरे पिरिमिडिन. अशा बदलांना पर्याय मोजकेच, म्हणून त्याच जागा लवकर भरतात.

आकडा मात्र हातात आला होता आणि त्याचा मोह आवरण्यासारखा नव्हता. 1987 मध्ये कॅन, स्टोनकिंग आणि विल्सन यांनी 147 जणांच्या डीएनएवरून सर्व माणसांचा मातृवंश सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेतल्या एका स्त्रीपर्यंत नेला. दोन ते चार टक्के हा दर त्यात गृहीत होता. गुरांच्या बाबतीतला वापर भारतीय वाचकाला अधिक जवळचा. 1994 मध्ये वशिंडाच्या आणि बिनवशिंडाच्या गुरांची तुलना झाली. दोन्ही वंश वेगळे होऊन निदान दोन लाख वर्षे, कदाचित दहा लाखही झाली असावीत, असे दिसले. गुरे माणसाळली ती फार तर दहा हजार वर्षांपूर्वी. तेव्हा हा फरक गोठ्यात पडलेला असणे शक्यच नव्हते आणि दोन वेगळ्या रानटी वंशांतून गुरे स्वतंत्रपणे माणसाळवली गेली, हेच अनुमान उरते. इथे दर काहीसा चुकला असता तरी निष्कर्ष हलला नसता; सगळीकडे तशी सूट मिळत नाही.

या दराला तडा गेला तो नात्यागोत्यांच्या अभ्यासातून. 1997 मध्ये पार्सन्स आणि सहकाऱ्यांनी आईकडून अपत्याकडे झालेली 327 संक्रमणे तपासली. नियंत्रक भागात दहा बदल सापडले. जातींच्या तुलनेतून निघालेल्या दरापेक्षा हा सुमारे वीसपट वेग होता. रशियाचा झार दुसरा निकोलस याच्या अस्थींनीही अशीच अडचण केली होती. त्याच्या डीएनएत एका जागी दोन वेगळी अक्षरे एकत्र नांदत होती, मातृवंशातल्या हयात नातेवाइकांत मात्र एकच. अस्थी त्याच्याच का, ही शंका मिटली ती 1996 मध्ये, त्याचा भाऊ गिऑर्गी याच्या अवशेषांतही तीच जोडी सापडल्यावर. बदल पसरण्याआधी असा अर्धवट अवस्थेत राहतो.

सायमन हो आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये या विसंगतीला नियमाचे रूप दिले. जवळचा काळ मोजला तर दर जास्त दिसतो, दूरचा मोजला तर कमी. किंचित अपायकारक बदल थोड्या पिढ्यांत दिसतात, पुढे नैसर्गिक निवड ते गाळून टाकते. आणि जुने बदल पुसले जातात ते वेगळेच.

सगळ्या सस्तन प्राण्यांना एकच दर लावण्याची सवयही टिकली नाही. नाबोल्झ, ग्लेमँ आणि गाल्तिए यांनी 2008 मध्ये सुमारे 1700 जातींचे सायटोक्रोम बी जनुक तपासले. उत्परिवर्तनाचा दर एका वंशापासून दुसऱ्या वंशापर्यंत शंभरपटींपर्यंत बदलत होता. दीर्घायुषी प्राण्यांत तो कमी, अल्पायुषी प्राण्यांत जास्त. शरीराचा आकार आणि चयापचय ही कारणे आधी पुढे केली जात. आयुर्मानाचा संबंध त्यांच्याहून बळकट निघाला.

म्हणूनच आता दर गृहीत धरण्याऐवजी ज्यांचे वय कार्बन पद्धतीने कळले आहे अशा जुन्या हाडांच्या डीएनएवरून तो काढतात. 2013 मध्ये सुमारे 40,000 वर्षांच्या काळात विखुरलेल्या दहा प्राचीन माणसांच्या तंतुकणिकेतल्या संपूर्ण डीएनएवरून असा दर काढला गेला. त्यानुसार सर्व माणसांच्या मातृवंशाचे मूळ दोन लाख नव्हे, तर सुमारे एक लाख साठ हजार वर्षांपूर्वीचे ठरते.