ग्लासगोचे टेनेमेंट, मुंबईची चाळ आणि कोपऱ्यावरचा इराणी

#थ्रेड

१/ पाचोऱ्याहून रेल्वेने मुंबईस आलेला प्रवासी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून धोबी तलावाकडे निघाला, की मेट्रो सिनेमासमोर जेर महाल ही जुनी इमारत लागते. तळमजल्यावर १९०४ पासूनचे क्यानीचे इराणी हॉटेल, वर बिऱ्हाडे आणि गोवेकरांचे कूड. खाली उपाहारगृह आणि वर दाटीची वस्ती, या रचनेची बहीण दूर स्कॉटलंडमध्ये सापडते.

२/ खानदेशातील जुने घर म्हणजे धाब्याचे छप्पर, जाड मातीच्या भिंती, पुढे ओटा आणि एका कुटुंबाचा एक दरवाजा. गिरण्यांच्या शहरात एवढी जागा कोणाला परवडणार? म्हणून ग्लासगोत आणि मुंबईत घरे एकावर एक चढली.

३/ स्कॉटलंडमधील ‘टेनेमेंट’ म्हणजे वालुकाश्मात बांधलेली, बहुधा चार मजल्यांची इमारत. रस्त्यावरून आत जाणारी सामाईक वाट ‘क्लोज’ म्हणून ओळखली जाते आणि तिच्या टोकाशी दगडी जिना असतो. थंडीमुळे येण्याजाण्याचा मार्ग इमारतीच्या पोटात घेतलेला. गरिबांचे घर पुष्कळदा एकाच खोलीचे. भिंतीतील कोनाड्यात पलंग बसवून जागा वाचवलेली.

४/ मुंबईच्या चाळीने हाच प्रश्न उलट्या दिशेने सोडवला. येथे शत्रू थंडी नव्हे, उकाडा. म्हणून येण्याजाण्याचा मार्ग बाहेर आला आणि त्याची गॅलरी झाली. सागवानी खांब, लाकडी कठडा, कौलारू छप्पर, प्रत्येक खोलीत मोरी आणि टोकाला सामाईक शौचालय. वाळवण, अभ्यास, भांडण आणि समेट, सारे त्या गॅलरीतच. १८९३ मध्ये गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, त्यामागे या सामाईक जागेचेही बळ होते.

५/ आता कोपरा. दोन रस्त्यांचा उजेड आणि दोन रस्त्यांची वर्दळ तेथे एकत्र येते. स्कॉटलंडमध्ये ही मोक्याची जागा अनेकदा ‘पब्लिक हाउस’ने, म्हणजे पबने घेतली. त्याचा दरवाजा थेट रस्त्यावर. रहिवाशांची वाट वेगळी. मुंबईत तोच कोपरा यझ्द आणि कर्मान भागांतून आलेल्या इराण्यांनी धरला. संगमरवरी टेबल, वळवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे. एका खोलीत कुटुंब दाटून राहत असेल, तर दिवाणखाना खाली रस्त्यावरच शोधावा लागतो. तेथे तो बिअरच्या पेल्याभोवती जमला, येथे चहा आणि ब्रून-मस्क्याभोवती.

६/ मात्र या वास्तूंचे गोडवे गाताना त्यांतील हाल विसरता येत नाहीत. ग्लासगोत लहान घरांच्या दारावर पत्र्याचा बिल्ला ठोकला जाई. आत किती माणसे राहू शकतात, हे त्यावर लिहिलेले असे. प्रौढ माणसामागे ३०० घनफूट हवा, हा हिशेब. निरीक्षक मध्यरात्री येऊन झोपलेली माणसे मोजत. १८६६ मध्ये तेथे जुन्या वस्त्या पाडण्यासाठी कायदा करून सुधार ट्रस्ट नेमला गेला.

७/ १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये सरकारने मुंबई सुधार ट्रस्ट स्थापन केला, तेव्हा ग्लासगोचा नमुना डोळ्यांपुढे होता. नवे रुंद रस्ते निघाले, हवा खेळू लागली. परंतु पाडलेल्या घरांतील गरिबांना पुरेशी नवी घरे मिळाली नाहीत. ते शेजारच्या चाळींत दाटले.

८/ सरसकट पाडापाडीला विरोध करणारा विचारवंतही स्कॉटलंडमधूनच आला. पॅट्रिक गेडिस यांनी १८८० च्या दशकात एडिनबरोतील जेम्स कोर्टच्या जुन्या टेनेमेंटमध्ये स्वतः बिऱ्हाड केले आणि शेजाऱ्यांसह ती वस्ती सुधारली. त्यांचे सूत्र होते: रोग असेल तेवढेच कापा, उरलेले जगवा. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. डॉ. गो. स. घुर्ये हे त्यांचेच उत्तराधिकारी.

९/ त्याच काळात, १९२० नंतर, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बीडीडी चाळी उभारल्या. सिमेंट काँक्रीट, तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक इमारतीत ८० खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची. येथे एक बारीकसा बदल झाला. बाहेरची गॅलरी गेली आणि दोन रांगांमधला अंधारा बोळ आला. स्कॉटलंडच्या थंडीतला बंदिस्त मार्ग मुंबईच्या उकाड्यात अवतरला!

१०/ आज वरळीत त्या खोल्यांच्या जागी ५०० चौरस फुटांची घरे उभी राहत आहेत. शंभर वर्षे १६० चौरस फुटांत काढलेल्या कुटुंबांना ती मिळालीच पाहिजेत. त्यांच्या हलाखीवर स्मरणरंजन करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु गॅलरी आणि कोपरा यांना नकाशावर क्षेत्रफळ नसते. नव्या मनोऱ्यांत माणसे एकमेकांना कोठे भेटतील, या प्रश्नाचे उत्तर आराखड्यात आधीच शोधावे लागेल. पाचोऱ्याच्या गल्लीत जुना ओटा पाडताना नेमका हाच प्रश्न उभा राहतो.