गोव्याचा जनमत कौल : फूल की दोन पाने?

१/१२
दापोडीहून हॅरिस पूल ओलांडला की पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द संपते आणि पुणे महापालिकेची सुरू होते. अशा हद्दी ठरवताना रहिवाशांच्या हरकती व सूचना मागवल्या जातात. मतदान घेतले जात नाही. आपण मतपेटीतून माणूस निवडतो, पक्ष निवडतो. एखाद्या प्रश्नावर आपला कौल कोणी मागत नाही. महाराष्ट्राशी थेट संबंध असलेल्या एका प्रश्नावर तो एकदा मागितला गेला. हा धागा त्या मतदानाविषयी.

२/१२
जगात इतरत्र हे नवीन नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९११ पासून नागरिक सह्या गोळा करून कायद्याचा प्रस्ताव थेट मतदारांपुढे ठेवू शकतात. मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांबरोबर असे प्रस्तावही असतात आणि प्रत्येकावर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर द्यायचे असते. भारताच्या संविधानात अशी तरतूद नाही. अनुच्छेद ३ प्रमाणे राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे.

३/१२
जुनागढ (१९४८) आणि सिक्कीम (१९७५) येथे लोकमत घेतले गेले, पण तेथे प्रश्न भारतात येण्याचा होता. गोव्याचा प्रश्न निराळा होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्ता संपली आणि गोवा, दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेश झाला. भारतात राहणे ठरलेलेच होते. वाद होता तो कोणत्या रूपाने राहायचे, याचा.

४/१२
डिसेंबर १९६३ मध्ये पहिली विधानसभा निवडणूक झाली. दयानंद तथा भाऊसाहेब बांदोडकर यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष विलीनीकरणाच्या बाजूचा, डॉ. जॅक द सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष वेगळ्या गोव्याच्या बाजूचा. सत्ता मगो पक्षाला मिळाली. संयुक्त महाराष्ट्राचा विजय तेव्हा अवघ्या तीन वर्षांचा होता. त्यामुळे महाराष्ट्रात या निकालाचा सरळ अर्थ लावला गेला : गोवा महाराष्ट्रात येणार.

५/१२
१९६५ मध्ये गोवा विधानसभेने विलीनीकरणाचा ठरावही केला. विरोधकांचा युक्तिवाद असा : मगो पक्षाला मत देणाऱ्याने केवळ विलीनीकरणाला मत दिले, हे कशावरून? कुळांना आणि मुंडकारांना भाटकारांच्या धाकातून सुटायचे होते. बहुजन समाजाला शाळा हव्या होत्या, सत्तेत वाटा हवा होता. एका मतात इतक्या आकांक्षा सामावल्या असताना त्यातली एकच वेगळी काढून तिला जनादेश कसे म्हणावे? म्हणून हा प्रश्न लोकांना स्वतंत्रपणे विचारा, अशी मागणी पुढे आली.

६/१२
दिल्लीने ती मान्य केली. डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने त्यासाठी खास कायदा केला आणि त्यात शब्द वापरला ‘ओपिनियन पोल’; मराठीत तो ‘जनमत कौल’ म्हणून रूढ झाला. गोव्यापुढे पर्याय दोनच : महाराष्ट्रात विलीन होणे किंवा केंद्रशासित राहणे. विलीनीकरणाची खूण फूल, केंद्रशासित राहण्याची खूण दोन पाने. दमण व दीवसाठी महाराष्ट्राच्या जागी गुजरात होता.

७/१२
मतदान नि:पक्षपाती व्हावे म्हणून बांदोडकर सरकार पायउतार झाले आणि राष्ट्रपती राजवट लागू झाली. ज्या प्रश्नावर सरकार स्वतः एक पक्षकार आहे, त्यावरचे मतदान त्याच सरकारच्या हाताखाली होऊ नये, हा पायंडा आजही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

८/१२
हा लढा ‘मराठी विरुद्ध कोकणी’ किंवा ‘हिंदू विरुद्ध ख्रिस्ती’ एवढाच होता, असे सांगितले जाते. ते पुरते खरे नाही. बा. द. सातोस्कर यांच्या संपादकत्वाखालील ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होता. त्याला उत्तर देणारे, चंद्रकांत केणी यांच्या संपादकत्वाखालील ‘राष्ट्रमत’ हेही मराठीच दैनिक. उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे गाजलेले सदर त्यातच येई. वेगळ्या गोव्याची बाजू मराठी वाचकाला मराठीतूनच पटवून दिली जात होती.

९/१२
१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. ऐंशी टक्क्यांहून अधिक मतदार बाहेर पडले.
दोन पाने : १,७२,१९१
फूल : १,३८,१७०
अंतर : ३४,०२१
म्हणजे सुमारे सतरा हजार मतदारांनी उलट मत दिले असते, तर आजचा नकाशा वेगळा असता. गोव्यातील ख्रिस्ती लोकसंख्या निम्म्याहून बरीच कमी होती. तेव्हा मोठ्या संख्येने हिंदू मतदारांनीही दोन पानांवर शिक्का मारला, हे उघड आहे. दमण व दीवनेही केंद्रशासित राहणेच पसंत केले.

१०/१२
खरा धडा पुढच्या दोन-तीन महिन्यांत मिळाला. विधानसभा निवडणूक झाली आणि त्याच गोव्याने पुन्हा मगो पक्षालाच सत्ता दिली. बांदोडकर १९७३ मध्ये निधन होईपर्यंत मुख्यमंत्री राहिले. यात विसंगती नाही. मतदाराने दोन प्रश्नांना दोन उत्तरे दिली : नेता हाच हवा, पण विलीनीकरण नको. दोन्ही प्रश्न एकाच मतात कोंबले गेले असते, तर हे उत्तर कधीच कळले नसते.

११/१२
महाराष्ट्राला हा निकाल बोचला. पण त्याच काळात बेळगाव-कारवारच्या सीमाभागासाठी महाराष्ट्र काय मागत होता? खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. ऑक्टोबर १९६६ मध्ये त्या वादासाठी महाजन आयोग नेमला गेला. सीमाभागातील मराठी माणसाला मतपत्रिका मात्र मिळाली नाही. बेळगावला लोकेच्छा मागणाऱ्याने पणजीची लोकेच्छा मानणे ओघानेच येते. गोव्याला जो हक्क मिळाला तो बेळगावला का नाही, हा प्रश्नही तितकाच रास्त आहे.

१२/१२
कौलालाही मर्यादा असतात. प्रश्न कोण लिहितो, पर्याय कोणते ठेवतो, यावर बरेच अवलंबून असते. १९६७ च्या मतपत्रिकेवर ‘घटक राज्य’ हा पर्यायच नव्हता; गोव्याला तो दर्जा ३० मे १९८७ रोजी मिळाला. आणि फुलावर शिक्का मारणारे १,३८,१७० मतदार हरले, तरी चुकीचे ठरले नाहीत.
महाराष्ट्रातही थेट कौलाचे एक छोटे रूप जिवंत आहे : गावातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी होणारे उभी बाटली-आडवी बाटली मतदान. तिथे मत पक्षाला नसते, केवळ प्रश्नाला असते. येत्या निवडणुकीनंतर कोणी विजयी सभेत “जनतेने आमच्या प्रत्येक धोरणाला मान्यता दिली” असे म्हणाले, की १९६७ चा गोवा आठवून पाहावा.
आपल्या घरातील वडीलधाऱ्यांकडे त्या दिवसांच्या आठवणी असतील, तर खाली अवश्य लिहाव्यात.