घर्मनिग्रहाची कुळकथा

अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतील वुर्टेंबर्ग प्रांतात, युद्धांच्या धामधुमीने आणि दारिद्र्याने गांजलेल्या खेड्यांतून, रक्त भरून धुरावलेली सॉसेजे खाऊन माणसे दगावू लागली, तेव्हा १८०२ साली तेथील सरकारास रयतेला सावध करणारा जाहीरनामा काढावा लागला. काखेतील अतोनात घामावर आज जे बोटॉक्सचे इंजेक्शन दिले जाते, त्यातील औषध म्हणजे या सॉसेजांतलेच विष; म्हणून त्याची कुळकथा या जाहीरनाम्यापर्यंत जाऊन भिडते.

या विषाचा छडा लावण्याचे काम युस्टिनुस केर्नर यांनी शिरावर घेतले. जर्मन साहित्यात ते कवी म्हणून मान्यता पावले. परंतु सरकारी वैद्य या नात्याने रोग्यांच्या कैफियती जमविण्यात त्यांनी जी चिकाटी दाखविली, ती एखाद्या निष्णात दप्तरदारास शोभावी अशी होती. १८२२ च्या ग्रंथात त्यांनी १५५ रोग्यांची हकीकत दिली. स्नायू लुळे पडतात, गिळवत नाही, शुद्ध मात्र शाबूत राहते. आणि त्याचबरोबर अश्रू, लाळ व घाम आटतात, हे त्यांनी बारकाईने टिपले. विषारी सॉसेजातून काढलेल्या अर्काचे काही थेंब स्वतःच्या जिभेवर घेऊन टाळू आणि घसा कोरडा पडल्याचा अनुभवही त्यांनी नमूद केला. हेच विष अत्यल्प मात्रेत दिल्यास अनावर झालेले मज्जाव्यापार आवरता येतील, हा तर्कही त्यांचाच.

१८९५ साली बेल्जियममधील एलझेल गावी अंत्यविधीसाठी जमलेल्या वादकांना खारवलेल्या डुकराच्या मांसातून याच विषाची बाधा झाली आणि एमिल व्हान एरमेंगेम यांनी त्यास कारण असलेला जंतू हुडकून काढला. घर्मपिंडांना चेतविणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांशी अॅसिटिलकोलीन हे रसायन स्रवते, हे डेल आणि फेल्डबर्ग यांनी १९३४ मध्ये मांजराच्या पंजावर दाखविले. आणि तोच स्राव हे विष रोखते, याचा उलगडा १९४९ मध्ये लंडनला झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या अॅलन स्कॉट यांनी तिरळेपणावर या विषाचा उपयोग केला. १९८९ साली अमेरिकी सरकारची परवानगीही मिळाली. अखेर १९९४ मध्ये बुशारा आणि पार्क यांनी, अर्ध्या चेहऱ्याच्या आचक्यांसाठी हे इंजेक्शन घेतलेल्या रोग्यांच्या त्या भागास घाम येईनासा होतो, हे निदर्शनास आणले. आणि २००४ साली काखेतील तीव्र घामासाठीही ते अमेरिकेत मंजूर झाले.

उपचाराची रीत साधी आहे. काखेत आयोडीन लावून, ते वाळल्यावर स्टार्चची भुकटी भुरभुरली की जेथे घाम सुटतो तेथे काळसर निळा डाग उमटतो; १९२८ साली मायनर यांनी सांगितलेली ही परीक्षा आजही उपयोगी पडते. त्या डागाच्या कक्षेत, बोटभर अंतराने, दहा-पंधरा ठिकाणी त्वचेतच सुई देऊन प्रत्येक काखेत एकूण ५० युनिटे औषध टोचतात. कालांतराने मज्जातंतू पूर्ववत कार्य करू लागतात, म्हणून काही महिन्यांनी उपचार पुन्हा घ्यावा लागतो.

घाम आटल्याची नोंद १८२२ पासून ग्रंथांत असता तिचा उपयोग व्हावयास पावणेदोनशे वर्षे लोटली. विष शुद्ध करून मोजून देण्याची विद्या अवगत व्हावयास काळ लागला, हे खरेच. परंतु घामाची तक्रार किरकोळ मानण्याच्या वृत्तीचाही त्या विलंबात वाटा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. भर सभेत ज्याचा सदरा घामाने चिंब होतो, तो माणसांत मिसळणेच टाळू लागतो. हे दुःख क्षुल्लक नव्हे. म्हणून ज्यास हा त्रास आहे त्याने तो लाजेखातर लपवू नये, आणि डॉक्टरांनीही त्याची कैफियत, केर्नर यांनी ऐकली तशी, शेवटपर्यंत ऐकून घ्यावी.