नामशेष ठरलेला काडीकिडा

इतिहास म्हटला की राजे आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. आजची हकीकत मात्र एका किड्याची आहे.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस सुमारे ६०० किलोमीटरवर लॉर्ड हाव नावाचे छोटे बेट आहे. तेथे तळहाताएवढा, काळसर, पंख नसलेला काडीकिडा असे. तो इतका मुबलक होता की बेटावरचे लोक मासे धरताना गळाला लावीत. जून १९१८ मध्ये 'मकाम्बो' ही बोट बेटाजवळ खडकावर आदळली. बोट दुरुस्त होऊन गेली. तिच्यातले उंदीर मागे राहिले. त्यांनी पक्ष्यांच्या काही जातींचा कायमचा निकाल लावला. काडीकिडाही १९२० नंतर दिसेना, आणि त्याच्या नावापुढे 'नामशेष' असा शेरा पडला.

हा शेरा म्हणजे वास्तविक 'आम्हांस दिसला नाही' एवढीच कबुली असते. बेटापासून २३ किलोमीटरवर बॉल्स पिरॅमिड नावाचा, ५६२ मीटर उंचीचा ओसाड कडा समुद्रातून उभा आहे. १९६४ मध्ये गिर्यारोहकांना तेथे एक मेलेला काडीकिडा आढळला. मेलेला आढळला, त्या अर्थी जिवंतही असणार! पण तो दिसायला आणखी ३७ वर्षे लागली. कारण साधे आहे: माणूस कडा चढतो दिवसा, आणि हा प्राणी बाहेर पडतो रात्री.

फेब्रुवारी २००१ मध्ये डेव्हिड प्रिडेल व निकोलस कार्लाइल हे शास्त्रज्ञ सहकाऱ्यांसह तेथे गेले. दिवसा एका झुडपाखाली त्यांना किड्याची ताजी विष्ठा दिसली. तेव्हा त्यांच्यापैकी दोघे रात्री, त्या भयंकर कड्यावर, विजेरी घेऊन पुन्हा चढले; आणि झुडपावर जिवंत किडे! पुढल्या वर्षीच्या मोजणीत ते २४ भरले. साऱ्या जातीचा संसार मूठभर झुडपांवर चालला होता.

२००३ मध्ये दोन जोड्या खाली आणल्या. एक जोडी दोन आठवड्यांतच मेली. मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयातली दुसरी मादीही आजारी पडली. तेथल्या रक्षकाने कॅल्शियम मिसळलेला गोड रस थेंबाथेंबाने पाजून तिला वाचवले. पुढे तिचा वंश हजारोंनी वाढला.

तरी एक शंका उरली होती. कड्यावरचे किडे जुन्या संग्रहातल्या नमुन्यांहून थोडे निराळे दिसत. २०१७ मध्ये दोघांचे डीएनए ताडून पाहिले, तेव्हा जात एकच ठरली. आणि २०१९ मध्ये, त्या अपघातानंतर १०१ वर्षांनी, लॉर्ड हाव बेटावर उंदीर निपटून काढण्याची मोहीम निघाली.