उशिराचा जन्मदाखला : अर्ज केल्यावर आपली माहिती कुठे जाते?

आपल्या कळंब तालुक्यात कितीतरी आई-आजींचा जन्म घरीच, दाईच्या हातून झाला. नोंद करायला कुणी गेलंच नाही. मग कुठे कागद मागितला की धावपळ सुरू होते. म्हणून ही माहिती आम्ही एकत्र देत आहोत.

कायदा काय म्हणतो?
जन्माची नोंद २१ दिवसांत फुकट होते. वर्ष उलटलं की आदेश लागतो. पूर्वी तो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी देत. १ ऑक्टोबर २०२३ पासून हा अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आहे.

माहिती कुठे जाते?
बांगलादेशी घुसखोरांनी दाखले घेतल्याच्या आरोपांवरून जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमलं आणि उशिराचे दाखले देणं थांबवलं. मार्चमध्ये नवी कार्यपद्धत आली. तिच्यात पोलीस पडताळणी सक्तीची आहे आणि खोटा पुरावा दिल्यास गुन्हा दाखल होतो. बंदुकीच्या परवान्याला जसा ठाण्याचा अहवाल लागतो, तसंच आता जन्माच्या नोंदीचं झालं आहे. शिवाय २०२३ च्या दुरुस्तीनुसार जन्मनोंदींची माहिती केंद्राच्या मंजुरीने लोकसंख्या नोंदवही, मतदार यादी, आधार, रेशनकार्ड आणि पासपोर्टच्या यंत्रणांना देता येते.

आपल्याच जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातल्या शेंदूरसनी या छोट्या ग्रामपंचायतीच्या नावावर २०२५ मध्ये २७ हजारांहून जास्त जन्मनोंदी ऑनलाइन झाल्याचं उघड झालं. असा घोटाळा दुसरेच करतात, संशय मात्र खऱ्या अर्जदारावर येतो.

मग काय करावं?
• आधी गरज आहे का ते पाहा. १ ऑक्टोबर २०२३ पूर्वी जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी शाळेचा दाखला वगैरे इतर पुरावेही चालतात.
• नगरपंचायत किंवा ग्रामपंचायतीतून नोंद नसल्याचा दाखला घ्या.
• तहसीलमधल्या जुन्या कोतवाल बुकाची नक्कल आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा काढा.
• नाव, तारीख, गाव सगळीकडे एकच आहे का ते बघा. शेख-शे., माहेरचं-सासरचं नाव असा फरक असेल तर अर्जातच लिहून सांगा.
• एजंटाच्या हाती कोरी सही देऊ नका. अर्जाची पोच जपून ठेवा.
• नोटीस आली तर घाबरून गप्प बसू नका. मुदतीत लेखी उत्तर द्या. विधी सेवा समितीकडून महिलांना वकील मोफत मिळतो, फोन १५१००.

एक गोष्ट लक्षात ठेवा. जन्मदाखला नाही म्हणजे नागरिकत्व नाही, असं होत नाही. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती, मोजके अपवाद सोडले तर, जन्मानेच नागरिक आहे. त्यामुळे भीतीपोटी खोटा कागद जोडू नका. खरा कागद मिळायला वेळ लागतो, पण पडताळणीत तोच टिकतो.