जाळी, धूर आणि उपाशी किल्ला

‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टार्न आणि झॅक अॅडम्स या दोन भावांनी हा गेम २००६ साली लोकांसाठी फुकट खुला केला. तेव्हा त्यात चित्रं नव्हतीच, नुसती अक्षरं आणि चिन्हं. सात बुटक्यांची टोळी डोंगराशी नेऊन सोडायची, खडक खोदायचा, किल्ला उभा करायचा आणि मग तो कसा बुडतो ते बघायचं. बुडतोच. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ साली हा गेम आपल्या संग्रहात घेतला. २०२२ च्या डिसेंबरात तो चित्रांसकट स्टीमवर आला आणि रिसोडसारख्या गावातल्या साध्या लॅपटॉपवरही लोक बुटके मारू लागले.

या गेममधला माझा आवडता भाग तलवार नाही, जाळी आहे. लाकडाची, दगडाची किंवा लोखंडाची. जमिनीत बसवा नाहीतर भिंतीत. पाणी तिच्यातून आरपार जातं, बुटका जात नाही. जमिनीतल्या जाळीवरून तो चालत जातो आणि पाणी मात्र खाली गळून जातं. विहिरीच्या कालव्याला जाळी लावली की पाणी आत येतं, पाण्यातून पोहत येणारं जनावर बाहेर राहतं. तिला खटका जोडता येतो. खटका ओढला की जाळी सरकते आणि वर उभं असलेलं सगळं खाली जातं. लाव्हा सोडायचा असेल तर लाकडी जाळी जळून जाते, लोखंडी टिकते. ट्रोलसारखे राक्षस मात्र जाळी मोडूनही टाकतात. काय आत येऊ द्यायचं आणि काय नाही, हा प्रश्न भिंत सोडवत नाही, दरवाजाही पूर्ण सोडवत नाही. जाळी सोडवते. सर्व्हरवर फायरवॉल लावणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे असा घटक हाडामांसाच्या शत्रूसाठी वापरलेला किल्ला म्हणजे देवगिरी, म्हणजेच दौलताबाद. रिसोडहून मेहकर, सिंदखेड राजा, जालना असं गेलं की छत्रपती संभाजीनगरच्या पलीकडे हा डोंगर दिसतो. साधारण २०० मीटर उंच, आणि खालचा भाग चहूबाजूंनी तासून उभा सरळ केलेला, घोरपडही चढणार नाही असा. पायथ्याशी खडकात खोदलेला खंदक. तो ओलांडला की वर जायला मुख्य वाट एकच: अंधारी. खडकाच्या पोटातून वळत-वळत चढणारा काळाकुट्ट बोगदा. गाईड मशाल पेटवून दाखवतात. वटवाघळांचा वास आधी येतो, पायऱ्या नंतर कळतात.

या बोगद्याच्या वरच्या तोंडावर लोखंडी झाकण होतं. वेढा पडला की ते तोंडावर ओढायचं आणि त्यावर विस्तव पेटवायचा. लोखंड तापून लाल होतं, धूर खाली अंधारीत भरतो आणि चढून आलेल्या माणसाला पुढे आग, मागे स्वतःचीच गर्दी. विस्तवाला हवा मिळावी म्हणून जवळच खडकातून आरपार भोक पाडलेलं आहे. मला सगळ्यात जास्त कौतुक या भोकाचं वाटतं. भट्टीला भाता लागतो हे लोहाराला माहीत असतं. इथे कुणीतरी अख्खा डोंगरच भट्टी धरून विचार केला होता. माळवदाच्या जुन्या घरांत छताला सानं असतं, उजेड खाली यावा आणि चुलीचा धूर वर जावा म्हणून. देवगिरीत धूर उलटा वळवला आहे.

गेममध्ये अशी रचना केली की शत्रू इमानदारीने त्याच वाटेने येतो, मरतो, आणि खेळणारा खूश होतो. दौलताबादला १६३३ साली खरा वेढा पडला तेव्हा काय झालं?

मोगल सरदार महाबतखान आला. आत निजामशाहीचा वजीर फत्तेखान, मलिक अंबरचा मुलगा. किल्ल्याला एकात एक तीन कोट: बाहेरचा अंबरकोट, मग महाकोट, मग काळाकोट. मोगलांनी तटाखाली सुरुंग खोदले, दारू ठासली आणि अंबरकोटाला खिंडार पाडलं. मग महाकोटही पडला. फत्तेखान आत सरकत गेला. तटाआड हजारो माणसं आणि कोठारं रिकामी होत चाललेली. धान्य संपलं, रोगराई पसरली. जूनमध्ये त्याने पैसे आणि सुरक्षित वाट मागून किल्ला देऊन टाकला. अंधारीत चढाई झालीच नाही. लोखंडी झाकण, विस्तव, हवेचं भोक हे सगळं जागच्या जागी शाबूत होतं.

त्याआधी १२९६ साली अलाउद्दीन खिलजी आला तेव्हाची गोष्टही पोटाचीच सांगतात. रामदेवरायाच्या माणसांनी घाईत गडावर चढवलेली पोती धान्याची नव्हती, मिठाची निघाली.

गेममध्ये उपासमार हा प्रश्न मशरूमच्या एका छोट्या शेतात मिटतो, म्हणून आपण निवांत जाळ्या आणि खटके रचत बसतो. मला वाटतं किल्ल्यांवरचे आपले व्हिडिओसुद्धा याच सवयीने बनतात. चोरवाट, खंदक, तोफ, धुराचा सापळा. धान्याच्या कोठारासमोर कुणी सेल्फी काढत नाही.

आणि जाळी ज्याला अडवते तो बाहेरून आलेला असावा लागतो. १६२९ च्या जुलैमध्ये सिंदखेडचे लखुजी जाधवराव, जिजाबाईंचे वडील, मुर्तजा निजामशहाच्या बोलावण्यावरून याच किल्ल्यात दरबाराला गेले. ते चढून आले नव्हते, बोलावून आले होते. सगळे दरवाजे त्यांच्यासाठी उघडे होते. दरबारात त्यांना, त्यांच्या दोन मुलांना आणि नातवाला कापून काढलं. त्या निजामशहाला पुढे कुणी संपवलं? याच फत्तेखानाने. गादीवर एक लहान मूल बसवलं. किल्ला पडल्यावर मोगलांनी ते मूल ग्वाल्हेरच्या कैदेत पाठवलं. शहाजीराजांनी पेमगिरीवर दुसरं एक मूल निजामशहा म्हणून बसवलं आणि १६३६ पर्यंत झुंज चालू ठेवली.

मोगलांच्या हाती किल्ला गेला तो बोगद्यासकट, झाकणासकट. सुरुंगाने फुटलेला तट त्यांना दुरुस्त करावा लागला, अंधारीत मात्र काहीच दुरुस्त करायचं नव्हतं.

रिसोडकडे परतताना सिंदखेड राजाला एसटी थांबते. तिथे लखुजींची समाधी आहे, भलीमोठी, दगडी, घुमटाची. दुपारी तिच्या आत चांगला गारवा असतो.